तीस जूनचा भंडारा

तीर्थरूप लक्ष्मीकांतमामांना,

तासगावच्या ‘लक्ष्मीकांत झेरॉक्स अँड स्टेशनरी’च्या काउंटरपलीकडून दिसेल इतके खाली वाकून निनादचा नमस्कार. आज बुधवार, दिनांक १ जुलै २०२६, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. मी आमच्या लखनौच्या ऑफिसात सत्तेचाळीस नंबरच्या कॉम्प्युटरसमोर पाठ नसलेल्या स्टुलावर बसून त्याच्या पडद्याकडे बघत आहे. पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, ३० टक्के पूर्ण, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका’ असे लिहिलेले आहे. काल दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनीही तेच लिहिलेले होते. बंद करू नका म्हटल्यामुळे मी तो बंद केलेला नाही. (संध्याकाळी सहाला चौकीदार सगळ्या ऑफिसची वीज बंद करतो ते वेगळे; आज सकाळी तो पुन्हा ३० वरच आला.) त्याच्याकडे बघत बसावे की नाही याबद्दल कुठेच सूचना नसल्यामुळे मी बघत आहे. वेळ आहे, म्हणून पत्र.

तुमचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तुम्ही उजवा लिहिले होते आणि मामींनी फोनवर डावा सांगितला. दोन्ही दुखत असल्यास तसे कळवावे, म्हणजे माझ्या मनात घोळ राहणार नाही.) सरलामामींची साखर किती आली? संग्राम दुकानात बसतो का, की अजून नुसता दुकानासमोर बसतो? मी फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही एकटेच बोलता, आणि कामाच्या वेळेत फोनवर बोलू नये अशी नोटीस इथे माझ्याच सहीने लागलेली आहे. हे पत्र निव्वळ खुशालीचे आहे, यात मागणी काही नाही, हे आधीच लिहितो. म्हणजे मामींना पुढचे निश्चिंतपणे वाचता येईल.

सुलभामावशीकडे माझे उत्तम चालले आहे. मानकनगरची रेल्वे कॉलनी म्हणजे झाडे, सावली आणि दर संध्याकाळी एकमेकांच्या बढत्यांची चौकशी करणारे इंजिनिअर. सुधीरकाका त्यांच्यातलेच, पण चौकशी कमी करतात. मावशी मराठीत बोलते, तिच्या वेदिकाला ते सगळे कळते आणि ती उत्तर हिंदीत देते. त्यामुळे जेवताना मी दोन्हीकडे बघून मान हलवतो. काकांनीच ही नोकरी सुचवली हे तुम्हाला माहीत आहे. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या मुलाला (गणित-तीन, चार वेळा नापास) केंद्र सरकारच्या ऑफिसात, कंत्राटदारामार्फत का होईना, ‘संगणक सहायक’ म्हणून कोण घेतो? ११ मेला रुजू झालो. तीन महिने चाचणीचे, मग कायम किंवा घरी. निघताना मिरज स्टेशनवर तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणालात की नाही जमले तर झेरॉक्स मशीनपुढचे तुझे स्टूल मी कोणाला देणार नाही. तुम्ही ते धीर देण्यासाठी म्हणालात. मला ते स्टूल तेव्हापासून दिसते. (मी सध्या ज्यावर बसलो आहे तेही बरेचसे तसेच आहे.) आणि गाडी हलता हलता तुम्ही खिडकीतून एक गुंडाळी आत दिलीत, ते तुमच्या दुकानाचे २०२६ सालचे कॅलेंडर, वर तुमचा फेट्यातला फोटो असलेले. ते मी सर्व्हरच्या खोलीत लावले, कारण वायर नसलेली तेवढी एकच भिंत तिथे होती. त्या कॅलेंडरचा विषय पुढे येणार आहे.

आता कामाचे. कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात दर महिन्याला दुरुस्त्या येतात. त्या करणारे लोक अमेरिकेत आहेत आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा वाजता ते त्या सोडतात. इतके सरळ आहे. त्यामुळे दिल्लीहून त्यावर चार परिपत्रके आली. पहिल्यात होते की दुसऱ्या मंगळवारी अपडेट करावे. दुसऱ्यात होते की अमेरिकेत मंगळवारचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असून कार्यालय बंद असते, सबब मंगळवार म्हणजे बुधवार समजावा. मात्र दुसऱ्या मंगळवारानंतरचा बुधवार हा दुसराच बुधवार असेल असे गृहीत धरू नये. (हे मी तपासून पाहिले. चालू महिना बुधवारी सुरू झाला आहे, त्यामुळे दुसरा मंगळवार १४ तारखेला आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिसरा बुधवार. परिपत्रक बरोबर आहे. ते बरोबर आहे हे कळल्यावर मला जास्त भीती वाटली.) तिसऱ्यात होते की आलेले अपडेट एकदम सर्वांना लावू नये, आधी पाच कॉम्प्युटरांवर चौदा दिवस चाचणी घ्यावी आणि त्यानंतर येणाऱ्या मंगळवारी उरलेल्यांना लावावे. चौथे ३ जूनला आले. त्यात होते की काहीही असो, महिनाअखेरपर्यंत शंभर टक्के काम झाले पाहिजे, अन्यथा जबाबदारी संबंधित कर्मचाऱ्याची राहील. संबंधित कर्मचारी म्हणजे कोण, हे मी आमच्या सेक्शनचे प्रमुख शुक्लाजी यांना विचारले. त्यांनी फार प्रेमाने माझ्याकडे बघितले.

चाचणीच्या पाच कॉम्प्युटरांचा प्रश्न शुक्लाजींनीच सोडवला. जे पाच जण आपला कॉम्प्युटर कधी लावतच नाहीत त्यांचे निवडायला सांगितले. चौदा दिवसांत एकही तक्रार आली नाही. चाचणी यशस्वी. खरी अडचण उरलेल्या बेचाळीसांची होती. अपडेट लावताना तीन तास कॉम्प्युटर चालू पाहिजे आणि त्याच्यासमोर माणूस नको. आमच्याकडे नेमके उलटे असते: माणूस समोर असतो आणि कॉम्प्युटर बंद असतो. सहा वाजता चौकीदार मेन स्विच पाडतो, त्याला आगीच्या सुरक्षेचा एक जुना हुकूम आहे आणि तो त्याने पाकिटात जपून ठेवला आहे. म्हणजे काम दिवसाच करायचे. आणि दिवसा तीन तास कोणाला खुर्चीवरून उठा म्हणणे म्हणजे त्याची बदली केल्यासारखे आहे.

इथे लखनौचा एक रिवाज मदतीला आला. तो तुम्हाला पाहायला मिळावा असे मला मनापासून वाटते. ज्येष्ठातल्या प्रत्येक मंगळवाराला इथे बडा मंगल म्हणतात. हनुमानाचा दिवस. त्या दिवशी सगळ्या शहरात रस्तोरस्ती मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी आणि सरबत देतात; यालाच भंडारा म्हणतात. कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, कोणी विचारत नाही. मानकनगरहून ऑफिसला येईपर्यंत माझे तीनदा जेवण झालेले असते. (चौथ्यांदा नाही म्हटले तर वाढणारा माणूस हात जोडतो. मग घ्यावेच लागते.) आमच्या ऑफिसचाही मांडव गेटवर असतो, बारा ते तीन. त्या तीन तासांत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे खाली असतात. कोणी पुऱ्या तळतो, कोणी वाढतो, उरलेले वाढणाऱ्यांना सूचना देतात. वर पंखे फिरत असतात आणि खुर्च्या रिकाम्या. शुक्लाजी म्हणाले की अपडेट बड्या मंगलला कर, देवाचेही होईल आणि दिल्लीचेही. त्याप्रमाणे मेमधल्या दुरुस्त्या मी २ जूनच्या मंगळवारी भंडाऱ्याच्या वेळी लावल्या. सगळे बुंदी पुसलेल्या हातांनी वर आले तेव्हा सगळे कॉम्प्युटर जागेवर, जसे होते तसे. काहीच झाले नव्हते. आमच्या कामात याला यश म्हणतात. शुक्लाजींनी सर्वांसमोर सांगितले की लड़का महाराष्ट्र का है, हिसाब का पक्का है. मी त्या रात्री तुम्हाला फोन केला होता, आठवत असेल. तुम्ही शेजारच्या गाळ्याच्या भाड्याबद्दल बोललात.

(अजून ३० टक्केच.)

मग जूनचा हिशेब आला. मी तो कागदावर चार वेळा केला. दुसरा मंगळवार ९ जून; परिपत्रक दोनप्रमाणे १० जून; परिपत्रक तीनप्रमाणे चौदा दिवस, म्हणजे २४ जून; त्यानंतरचा मंगळवार ३० जून; आणि परिपत्रक चारप्रमाणे शेवटची तारीख तीच, ३० जून. सबंध महिन्यात एकच दिवस उरला आणि तो मंगळवार निघाला, यामुळे मला दिल्लीबद्दल प्रथमच आदर वाटला. आता फक्त त्या मंगळवारी भंडारा आहे की नाही एवढे बघायचे होते. मी हयगय केली नाही, मामा. वेदिकाला विचारले की बडा मंगल नेमका कोणकोणत्या मंगळवारी असतो. ती मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली, “जेठ के सारे मंगल, भैया. और इस साल तो अधिक मास है, खाते-खाते थक जाओगे.” नियम स्पष्ट होता. मी सर्व्हरच्या खोलीत गेलो आणि तुमच्या कॅलेंडरावर बोट ठेवून पाहिले. आधी अधिक ज्येष्ठ, मग निज ज्येष्ठ, आणि तो पार १४ जुलैपर्यंत. ३० जून: मंगळवार, ज्येष्ठ. मी पेन्सिलीने गोल केला.

त्यानंतर मी सर्वांना लेखी नोटीस काढली. हिंदीत काढली आणि काकांकडून शुद्धलेखन तपासून घेतले. (एक अनुस्वार वाढला होता. तो खोडून नवी प्रत काढली.) तीत लिहिले होते: ‘मंगलवार, दिनांक ३० जून को भंडारे के समय, दोपहर १२ से ३ बजे तक, सभी कंप्यूटर अपडेट किए जाएँगे. कृपया अपना काम पहले सुरक्षित कर लें.’ खाली सेहेचाळीस जणांची नावे आणि प्रत्येकासमोर सहीची जागा. मी प्रत्येकाच्या टेबलावर स्वतः गेलो. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस सह्या झाल्या, शुक्लाजींची सर्वांत वर. हिशेब विभागाचे रस्तोगीबाबू चहाचा कप न ठेवता डाव्या हाताने सही करताना म्हणाले की आपण काय, फक्त आपले नाव कुठे आहे ते बघतो. मला तो विनोद वाटला. काकांनी नोटीस वाचली होती खरी, पण मी त्यांना शुद्धलेखन तपासायला सांगितले होते, तर त्यांनी फक्त शुद्धलेखन तपासले. इंजिनिअर माणूस.

काल सकाळी साडेआठला मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलो. त्या खोलीला खिडकी नाही. डबा नेला नव्हता, फक्त माझे स्टीलचे ताट आणि चमचा नेला होता, कारण कागदी पत्रावळीत भाजीचा रस गळतो. (डबा नेला नव्हता यावरून माझ्या हेतूची शुद्धता सिद्ध होते, हा मुद्दा मी नंतर चौकशीत मांडला.) बरोबर पावणेबाराला बेचाळीस पडद्यांवर सूचना गेली की पंधरा मिनिटांत कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल, काम सेव्ह करा. खाली एक बटण होते, ‘ठीक है’. माझ्याकडे एकेकाचे उत्तर येत गेले. बेचाळीस जणांनी दोन मिनिटांच्या आत ‘ठीक है’ दाबले. मला समाधान वाटले. बारा वाजता काम सुरू झाले. बाहेर हॉलमधला कळफलकांचा आवाज एकदम थांबला. एकदम, म्हणजे पाऊस थांबतो तसा नाही, वीज जाते तसा. मला वाटले सगळे भंडाऱ्याला निघाले. मी पाच मिनिटे जाऊ दिली (रांगेत सर्वांत पुढे उभे राहणे बरे दिसत नाही), खिशात रुमाल ठेवला आणि ताट-चमचा हातात घेऊन दार उघडले.

मामा, हॉलमध्ये सेहेचाळीस माणसे उभी होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. त्यांच्यामागे बेचाळीस निळे पडदे. मी ताट मागे लपवायला गेलो तर चमचा खाली पडला. इतका आवाज करणारा चमचा मी पाहिलेला नाही.

नंतर समजले ते असे. ३० जूनला तिमाही संपते. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तिमाही विवरणपत्र दिल्लीला पोचावे लागते. ते वर्षातले चार दिवस असे असतात की आमच्याकडे सगळे जण खरोखर काम करतात, आणि त्यातल्या एका दिवशी, दुपारी बारा वाजता, मी सगळे बंद केले. रस्तोगीबाबू सकाळी नऊपासून अकरा पाने टाईप करून बसले होते. सेव्ह केलेले नव्हते. ते शेवटी एकदाच सेव्ह करतात, कारण त्यांच्या मते सारखे सेव्ह केल्याने फाईल झिजते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडदा परत बघितला. ओरडले असते तर मला बरे वाटले असते.

शुक्लाजी पुढे आले. तुम्हाला माहीत नसेल, पण इथे रागातही माणसाला ‘आप’च म्हणतात. इतक्या आदराने मला आजवर कोणी बोलले नव्हते.

“निनाद बाबू, यह थाली किसलिए है?”

“भंडारे के लिए, सर.”

“कौन-सा भंडारा?”

“बड़े मंगल का, सर. आज जेठ का मंगल है.”

ते म्हणाले, “बेटा, जेठ कल ख़त्म हो गया. आठवाँ मंगल पिछले हफ़्ते था. आपने ख़ुद छह पूड़ियाँ खाई थीं.”

(आठ. पण त्या वेळी संख्येवरून वाद घालणे मला योग्य वाटले नाही.)

मी त्यांना सर्व्हरच्या खोलीत नेऊन तुमचे कॅलेंडर दाखवले. ते आधी तुमच्या फोटोकडे आणि मग पेन्सिलीच्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिले. उलगडा संध्याकाळी घरी सुधीरकाकांनी केला. आपला महिना अमावास्येला संपतो आणि इकडचा पौर्णिमेला. म्हणजे पौर्णिमेनंतरचे पंधरा दिवस तासगावात ज्येष्ठ असतो आणि लखनौत आषाढ लागलेला असतो. तोच चंद्र, तोच मंगळवार, फक्त महिना वेगळा. काका एकवीस वर्षे इथे आहेत आणि त्यांना हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले की तू अनुस्वाराबद्दल विचारलेस. मावशीने ताटात वरणभात वाढला आणि वेदिकाकडे बघितले. वेदिका म्हणाली की मैंने तो सही बताया था, जेठ के सारे मंगल. तिचे म्हणणे खोटे नाही. कोणाचेच म्हणणे खोटे नाही, हीच माझी अडचण आहे.

विवरणपत्राचे पुढे असे झाले की रस्तोगीबाबूंनी अकरा पाने हाताने लिहून काढली. (अक्षर फार सुंदर आहे.) त्यांचे फोटो काढून पावणेपाचला दिल्लीला पाठवले. पोच आली नाही म्हणून शुक्लाजींनी फोन लावला. तिकडून कळले की सकाळपासून त्यांचेही सगळे कॉम्प्युटर अपडेटला लागले आहेत, कारण परिपत्रक चारप्रमाणे त्यांचीही शेवटची तारीख ३० जूनच होती, आणि विवरणपत्रे दोन तारखेनंतर बघू. म्हणजे कोणाचे काही बिघडले नाही. पण तोपर्यंत माझ्या चौकशीच्या फाईलला नंबर पडला होता, आणि नंबर पडलेली फाईल काहीच झाले नाही म्हणून बंद करता येत नाही.

चौकशी आज सकाळी साडेदहाला झाली. समितीत तिघे होते: शुक्लाजी, रस्तोगीबाबू आणि स्टोअरचे निगमसाहेब. माझ्यावर आरोप असा की अस्तित्वात नसलेल्या भंडाऱ्याच्या नावाखाली मी कार्यालयाचे काम तीन तास बंद पाडले. शिफारस आधीच टाईप झाली होती: मुदतीपूर्वी कंत्राट समाप्त. मला कागद उलटा दिसत होता, पण मला उलटे वाचता येते, दुकानात सवय झाली आहे. मामा, मला तुमचे स्टूल अगदी जवळ आलेले दिसले. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली आहे, तीसुद्धा दिसली. मी माझी नोटीस पुढे ठेवली. तिघांनी प्रथमच ती वाचली. मग खाली सह्या बघितल्या. त्यात त्या तिघांच्याही होत्या.

निगमसाहेबांनी पंखा एकने कमी केला. अडचण त्यांच्याही लक्षात आली होती. भंडारा नव्हता असे लिहिले, तर सेहेचाळीस जणांनी, त्यात समितीनेही, न वाचता सही केली असे लिहावे लागते, आणि ते दिल्लीला जाणार. ते टाळायचे, तर भंडारा होता असेच धरावे लागते. रस्तोगीबाबू हळूच म्हणाले की लड़के के कैलेंडर में तो है. शुक्लाजींनी माझ्याकडे बघून विचारले की महाराष्ट्रात आज अजून ज्येष्ठ आहे, हे पक्के ना? मी हो म्हटले. त्यांनी टाईप केलेला कागद फाडला नाही (ते कागद फाडत नाहीत), तो घडी करून फाईलच्या तळाशी ठेवला आणि सांगितले, “ठीक है. महीना आपका, मंगल हमारा.”

नवा निष्कर्ष असा लिहिला गेला की ३० जून रोजी महाराष्ट्राच्या गणनेनुसार बड्या मंगलचा भंडारा नियोजित होता, परंतु त्याच वेळी संगणक अपडेटचे अत्यावश्यक काम निघाल्यामुळे तो पुढे ढकलण्यात आला. म्हणजे भंडाऱ्यामुळे अपडेट ठेवले आणि अपडेटमुळे भंडारा राहिला. हे वाचून मी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा रस्तोगीबाबूंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. माणूस मनाने चांगला आहे. म्हणूनच त्यांचा सत्तेचाळीस नंबर पूर्ण झाल्याशिवाय मी आज जागचा उठणार नाही. बाकीचे सेहेचाळीस झाले.

(मामा, आत्ताच ३१ झाले. मी रस्तोगीबाबूंना हाक मारली, ते येऊन बघून गेले.)

इकडची काळजी करू नये. मी वेळेवर जेवतो. मावशी विचारते की दादा लखनौला कधी येणार. तिने इथल्या चौक बाजारातून तुमच्यासाठी चिकनच्या भरतकामाचा कुडता घेऊन ठेवला आहे, तुमच्या चार वर्षांपूर्वीच्या मापाचा. मामींना नमस्कार, संग्रामला आशीर्वाद म्हणवत नाही, तो माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा आहे, तरी जे योग्य असेल ते सांगावे.

तुमचा भाचा,
निनाद

ता. क. – समितीचा निष्कर्ष कायम होण्यासाठी एक कागद कमी आहे. कॅलेंडर ‘अधिकृत’ असल्याचा त्याच्या प्रकाशकाचा दाखला. प्रकाशक म्हणून कॅलेंडरवर तुमचेच नाव आहे. तरी दुकानाच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, एवढेच लिहावे: ‘दाखला देण्यात येतो की महाराष्ट्रात ज्येष्ठ महिना दि. १४ जुलै २०२६ पर्यंत चालू आहे.’ हे मी नमुन्यादाखल वेगळ्या कागदावर लिहून जोडले आहे. कृपया पाहून जसेच्या तसे उतरावे, स्वतःचे काही घालू नये. (कॅलेंडरात तीन ठिकाणी ‘कृष्ण’ चुकीचे छापले आहे. समितीने ते पाहिलेले नाही.) दाखला सोमवार १३ जुलैपर्यंत इथे पोचला पाहिजे. न पोचल्यास तो घडी केलेला कागद फाईलच्या तळातून वर येईल.

ता. क. २ – पुढे ढकललेला भंडारा १४ जुलैला ठरला आहे, तुमच्या कॅलेंडरप्रमाणे ज्येष्ठाचा शेवटचा मंगळवार म्हणून. ऑफिसात फार उत्साह आहे. पुढच्या वर्षीपासून आधी इथला ज्येष्ठ आणि मग आपलाही पाळावा, असा ठराव सेहेचाळीस सह्यांनी झाला. या वेळी सर्वांनी वाचून सही केली.

ता. क. ३ – जुलैच्या अपडेटचा हिशेब चार वेळा करून पाहिला. १५ तारीख, अधिक चौदा दिवस, त्यानंतरचा मंगळवार ४ ऑगस्ट. आणि शेवटची मुदत ३१ जुलै. बसत नाही. दिल्लीला विचारले आहे. पाचवे परिपत्रक येईल.

ता. क. ४ – भंडारा महाराष्ट्राच्या गणनेचा असल्यामुळे यजमानही महाराष्ट्राचा हवा, असे शुक्लाजींचे मत पडले. मी गप्प राहिलो, ते होकार समजले गेले. अमीनाबादच्या बाजारात फलक रंगवून तयार आहे. त्यावर ‘सौजन्य: श्री. लक्ष्मीकांत, सुप्रसिद्ध पंचांगकर्ते, तासगाव’ असे आहे. पंचांगकर्ते हा शब्द माझा नाही. फोटो कॅलेंडरवरूनच घेतला, फेटा छान आला आहे. तुम्ही स्वतः आलात तर कुडत्याचे मापही बघता येईल.

ता. क. ५ – सहा वाजायला पाच मिनिटे कमी आहेत. सत्तेचाळीस नंबर मघाशी अचानक शंभर टक्क्यांवर गेला. आम्ही दोघे उभे राहिलो. मग पडद्यावर आले: ‘अपडेट पूर्ण होऊ शकले नाही. बदल मागे घेत आहोत. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.’ चौकीदार मेन स्विचकडे निघाला आहे आणि रस्तोगीबाबू त्याला जुन्या हुकुमाबद्दल काहीतरी विचारत उभे आहेत. किती वेळ विचारू शकतील सांगता येत नाही, म्हणून हिशेब लिहून थांबतो.

झालेला खर्च: कॅलेंडरच्या जून-जुलै पानांच्या झेरॉक्स, समितीसाठी तीन संच, १८ रुपये (इथे पानाला तीन रुपये घेतात, तुम्ही दोन घेता हे मी दुकानदाराला सांगितले), रस्तोगीबाबूंसाठी हाताने लिहायला पेन, १० रुपये. एकूण २८.

देणे: फलक रंगवणाऱ्याचे ९००, हलवायाला बुंदीची आगाऊ रक्कम १,५००, मावशीकडून घेतलेली, तिला सांगितले की दादा देणार आहे. एकूण २,४००.

तुमच्याकडून येणे: दाखला एक, शिक्क्यासह.